हरळय्या व मधुवय्या यांस झालेला दंड : मिताक्षरेच्या आधारें कांहीं विचार

१

धाराशिव जिल्ह्यांतील उमरगें तालुक्याची शीव ओलांडली म्हणजे कल्याण फार दूर राहत नाहीं. हें नगर सांप्रत बसवकल्याण या नांवानें बीदर जिल्ह्यांत मोडतें. इ. स. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत धाराशिव (तेव्हांचें उस्मानाबाद) व कल्याण हीं दोन्ही स्थळें हैदराबाद राज्यांत होतीं. त्या सालीं धाराशिव मुंबई राज्याकडे व कल्याण म्हैसूर राज्याकडे गेलें, आणि जो मुलूख बाराव्या शतकांत एकाच राजछत्राखालीं नांदत होता त्याचा इतिहास दोन भाषांच्या अभ्यासकांत वांटला गेला. उमरगें व माणकेश्वर येथील शिवालयें पाहणारास हें सांगावयास नको कीं, त्या काळीं या भागाचें तोंड कल्याणकडे होतें. तेव्हां कल्याणांत जें घडलें तें परक्या प्रांताचें म्हणून सोडून देणें आपणांस शोभणार नाहीं.

या एका नगरांतून शंभर वर्षांच्या आंत दोन गोष्टी बाहेर पडल्या. पहिली, याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका. दुसरी, समगार जातीचा हरळय्या व जन्मानें ब्राह्मण असलेला मधुवय्या या दोन शिवशरणांस बिज्जल राजानें केलेला भयंकर दंड. मधुवय्याची कन्या हरळय्याच्या पुत्रास दिली गेली, हें त्या दंडाचें कारण परंपरा सांगते. पहिल्या गोष्टीचा अभ्यास धर्मशास्त्राचे पंडित करितात, दुसरीचा वीरशैव वाङ्मयाचे. दोन्ही एकत्र ठेवून पाहिल्यास विजातीय विवाह व त्यापायीं होणारी हिंसा यांच्या इतिहासांतील एक मुद्दा स्पष्ट होतो असें आम्हांस वाटतें. तोच येथें मांडावयाचा आहे.

२

प्रथम साधनांचा विचार. बिज्जल हा कलचुरि वंशांतील, मंगळवेढें येथील मांडलिक. चालुक्य तिसरा तैल याची सत्ता ढासळत असतां इ. स. ११५७ ते ११६२ च्या दरम्यान त्यानें सार्वभौम बिरुदें धारण केलीं व कल्याणची गादी बळकाविली. शके १०८९ च्या सुमारास (इ. स. ११६७-६८) त्याची कारकीर्द संपून त्याचा पुत्र सोमेश्वर ऊर्फ सोविदेव गादीवर दिसतो. बसवेश्वर हे बिज्जलाच्या पदरीं भांडारी होते आणि याच सुमारास ते कल्याण सोडून कूडलसंगमास गेले, असें वीरशैव परंपरा सांगते.

बिज्जलाच्या आजवर प्रसिद्ध झालेल्या शिलालेखांत या विवाहाचा किंवा त्यानंतरच्या दंडाचा उल्लेख नाहीं. शके ११८२ (इ. स. १२६०) मधील अर्जुनवाड येथील लेख यादव कन्हर याच्या राज्यांतील असून त्यांत बसवेश्वरांच्या कुळाची माहिती मिळते, दंडाविषयीं तोहि मूक आहे. अब्लूर येथील एकांतद रामय्याचा लेख डॉ. फ्लीट यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या पांचव्या खंडांत छापला. त्यांत तर बिज्जलानें एका कडव्या शैवास जयपत्र देऊन गौरविल्याची हकीकत आहे. म्हणजे बिज्जल शैवमात्राचा वैरी होता असें मानण्यास जागा नाहीं. जैन राजा व शैव भक्त एवढ्या एका झगड्यानें ही घटना उलगडत नाहीं; तिचें कारण अन्यत्र शोधावें लागतें.

ग्रंथांकडे वळलों तर क्रम असा लागतो. तेराव्या शतकांतील पाल्कुरिकी सोमनाथाचें तेलुगु बसवपुराण व त्यावरून भीमकवीनें इ. स. १३६९ मध्यें रचिलेलें कानडी बसवपुराण यांत बिज्जलानें दोघां भक्तांचे डोळे काढविले आणि त्याचा सूड म्हणून जगदेव प्रभृतींनीं राजास ठार केलें अशी कथा आहे. विवाहाची हकीकत तेथें नाहीं. ती पुढील काळच्या वीरशैव चरित्रग्रंथांतून व मौखिक परंपरेंतून पुष्ट होत गेली. तिच्या प्रौढ रूपांत डोळे काढणें मागें पडून हत्तीच्या पायास बांधून फरफटविणें आलें, वधूवरांस नांवें मिळालीं, व कांहीं कथनांत वरहि दंडाचा धनी झाला. वधूच्या नांवाविषयीं तर कथनांत एकवाक्यता नाहीं. सर्व कथनांचा समान गाभा एवढाच कीं, या दोन पुरुषांस राजाज्ञेनें देहदंड झाला व कल्याणांत रक्तपात होऊन शरणांची पांगापांग झाली.

कडक टीकाकार येथेंच थांबेल व म्हणेल कीं, विवाहाची कथा उत्तरकालीन म्हणून त्याज्य. आमचें मत थोडें निराळें आहे. विवाह घडला हें सिद्ध करण्याइतका पुरावा नाहीं, हें खरें. परंतु उत्तरकालीन कथेसहि एक साक्ष असते. दोन भिन्न जातींचे भक्त राजाच्या दंडास पात्र झाले, हें स्मरणांत राहिलें. त्यांचा अपराध कोणता असावा, याचें उत्तर लोकांनीं विवाह असें दिलें. चोरी, राजद्रोह, देवालयभंग यांपैकीं कांहींहि सुचवितां आलें असतें, तें सुचविलें गेलें नाहीं. समगाराच्या घरीं ब्राह्मणकन्या सून म्हणून गेली तर राजा प्राण घेईल, हें ऐकणारास पटण्याजोगें वाटलें म्हणूनच ती कथा टिकली. तें कां पटलें, हें मिताक्षरा सांगते.

३

विज्ञानेश्वर हा भारद्वाज गोत्री पद्मनाभभट्टाचा पुत्र. सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यांत (इ. स. १०७६ ते ११२६) त्यानें ही टीका रचिली, आणि शेवटीं कल्याण नगर, तेथील राजा व स्वतः टीकाकार या तिघांसारखें दुसरें नाहीं अशी प्रौढी मिरविली. ग्रंथ राजधानींतील, राजाश्रयाच्या छायेंतील आहे. त्यांतील दंडविधि ही केवळ अरण्यांतील ऋषींची वचनें नव्हेत. जेथें न्यायसभा भरत होती तेथेंच त्यांचें व्याख्यान झालें होतें.

व्यवहाराध्यायांत स्त्रीसंग्रहण नांवाचें प्रकरण आहे. त्याचा निष्कर्ष असा. परस्त्रीसंग्रहण समान वर्णांत घडलें तर उत्तमसाहस, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा धनदंड. पुरुष वरच्या वर्णाचा व स्त्री खालच्या वर्णाची असेल तर मध्यम दंड. आणि याच्या उलट, म्हणजे प्रतिलोम घडलें, तर पुरुषास वध व स्त्रीचे कान इत्यादि कापणें. पुढें कन्येचा विचार येतो. विवाहास सिद्ध झालेली कन्या हरण केल्यास सवर्णांत उत्तमसाहस, प्रतिलोमांत वध. कन्या स्वतः राजी असून खालच्या वर्णाची असेल तर दोषच नाहीं. वरच्या वर्णाची असेल तर मात्र वध. उत्तमसाहसाची संख्या याज्ञवल्क्यानें १०८० पण सांगितली आहे. म्हणजे एकाच कृत्याचें मोल दिशा पालटतांच शून्यापासून १०८० पणांपर्यंत व तेथून प्राणापर्यंत चढतें. कन्येच्या संमतीस अनुलोमांत किंमत आहे. प्रतिलोमांत ती असून नसल्यासारखी.

आचाराध्यायांत याच भेदाची दुसरी बाजू दिसते. तेथें अनुलोम विवाह व त्यांपासून होणाऱ्या जाती क्रमानें सांगितल्या आहेत. प्रतिलोम संततीहि नांवानिशीं सांगितली आहे व ती निंद्य ठरविली आहे. ब्राह्मण स्त्रीस शूद्रापासून झालेलें अपत्य तें चांडाल. अर्थात् मधुवय्याच्या कन्येस जें मूल होणार, त्याचें स्थान जन्मापूर्वींच ग्रंथांत लिहून ठेविलेलें होतें.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे शरणांनीं केलेल्या गोष्टीची धग कळते. त्यांच्या मतें हा प्रतिलोम विवाहच नव्हता. इष्टलिंग धारण केलेल्याची पूर्वजाति उरत नाहीं. तेव्हां दोन लिंगधाऱ्यांतील संबंध हा समानांतीलच संबंध. राजसभेच्या दृष्टीनें एक वर समगार व वधू ब्राह्मण. शरणांच्या दृष्टीनें दोघेंहि भक्तकुळांतील. वाद एका लग्नाचा नसून माणसाची जाति कोण ठरविणार, याचा होता. वचनांतून जातिभेदाचा निषेध झाला तोंपर्यंत राजानें तो सोसला असावा. एकत्र भोजनहि सोसलें असेल. परंतु कन्या देणें ही कृति वेगळी. तिनें पुढल्या पिढीची जातच बदलते.

४

आतां आमचा मुख्य मुद्दा. शास्त्राचा दंड कोणावर पडतो व कल्याणचा दंड कोणावर पडला, हें ताडून पाहावें.

स्त्रीसंग्रहणप्रकरणांतील दंड पुरुषाच्या प्राणावर व स्त्रीच्या अवयवांवर आहे. कन्या देणाऱ्या पित्याचा विचार स्मृतीनें केला नाहीं असें नाहीं: कन्येचा दोष लपवून ती दिली तर दात्यास उत्तमसाहस दंड आहे, आणि एकदां दिलेली कन्या परत हिरावणारास चोराचा दंड आहे. परंतु स्वखुशीनें, उघडपणें, खालच्या मानलेल्या वर्णांत कन्या देणाऱ्या पित्यास वध, असें विधान त्या प्रकरणांत आढळत नाहीं. स्मृतिकारास कामातुर पुरुष कल्पितां आला, हरण करणारा कल्पितां आला, फसविणारा बाप कल्पितां आला. पंक्तींत बसून, विचारपूर्वक, हातानें कन्यादान करणारा ब्राह्मण बाप व तें स्वीकारणारा समगार बाप मात्र त्याच्या कल्पनेपलीकडचे राहिले.

कल्याणच्या कथेंत दंड पडतो तो नेमका या दोन बापांवर. सर्वांत जुन्या कथनांत तर हे दोघेच आहेत. याचा अर्थ असा कीं, परंपरेच्या स्मरणांतला बिज्जल शास्त्राचा अंमल करीत नव्हता, शास्त्राच्या पुढें गेला होता. त्यास कामविकाराचें शासन करावयाचें नव्हतें. दोन घरांनीं परस्पर दिलेल्या संमतीचें करावयाचें होतें. त्या संमतीनें राजाचा एक अधिकार नाहींसा होत होता, कारण वर्णांच्या सीमा राखणें हें राजाचें कर्तव्य व तेंच त्याच्या सत्तेचें समर्थन. ज्याचें सिंहासन नुकतें बळकाविलेलें, त्यास तें समर्थन अधिकच हवें असणार.

येथें हेंहि पाहावें कीं, या कथेंत वधूचा बाप तिच्या बाजूस आहे, वराचा बाप त्याच्या बाजूस आहे, व त्यांची सारी बिरादरी त्यांच्या पाठीशीं उभी आहे. घर आणि गोत एका बाजूस, राजदंड दुसऱ्या बाजूस. आजची स्थिति पाहणारास ही मांडणी अगदीं उलटी वाटेल. ती उलटली कशी, हें थोडक्यांत पाहूं.

५

कलचुरींची सत्ता इ. स. ११८३-८४ च्या सुमारास संपली. पुढें हा मुलूख यादवांकडे, मग बहामनींकडे गेला. स्मृतींतील वधदंड चालविणारा राजा कल्याणास उरला नाहीं. जातीच्या मर्यादा राखण्याचें काम मात्र थांबलें नाहीं. तें क्रमाक्रमानें गोताकडे सरकलें. मराठेशाहींतील महजर व निवाडपत्रें वाचणारास ही व्यवस्था परिचयाची आहे. बदअमलाबद्दल सरकार दंड घेई, क्वचित् बायकोस कुणबीण करून ठेवी. जातींतून काढणें व प्रायश्चित्त देऊन गोताईनें पुन्हा पंक्तीस घेणें हें गोतसभेकडे असे. राजाच्या हातून शिक्षेचा मोठा भाग निसटून भावकीच्या हातीं आला तो येथें. बहिष्काराचें शस्त्र रक्त सांडीत नाहीं, परंतु तें एका माणसावर न पडतां सगळ्या घरावर पडतें. मुलीनें केलेल्या लग्नापायीं धाकट्या बहिणींची लग्नें अडतात, मयतास खांदेकरी मिळत नाहींत. तेव्हां गोताच्या धाकानें घरच आपल्या माणसांवर पहारा करूं लागलें.

इंग्रजी अमलांत मिताक्षरेस निराळें आयुष्य लाभलें. कोलब्रूक यांनीं इ. स. १८१० मध्यें तिच्या दायविभागाचें भाषांतर प्रसिद्ध केलें, व मुंबई इलाख्यांतील न्यायालयांत ती प्रमाण मानली गेली. दंडविधि मृत झाला. १८६० च्या दंडसंहितेनें त्याची जागा घेतली. विवाहविधि मात्र जिवंत राहिला. प्रतिलोम विवाह मुंबई उच्च न्यायालयानें इ. स. १९१२ मध्यें अवैध ठरविला. अनुलोम विवाह मात्र १९२२ व १९३१ च्या निर्णयांत वैध मानले. विज्ञानेश्वरानें ज्या दिशाभेदावर कल्याणांत भाष्य केलें तोच दिशाभेद आठ शतकांनंतर मुंबईच्या न्यायपीठावरून बोलत होता, एवढाच फरक कीं आतां प्राण जात नव्हता, फक्त पत्नीपण व औरसपण जात होतें. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं इ. स. १९१९ मध्यें आंतरजातीय विवाहास कायद्याची मान्यता दिली. हिंदुस्थानाच्या विधिमंडळानें १९४९ च्या कायद्यानें असे सर्व विवाह वैध केले, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत तर जातीची अटच राहिली नाहीं. राजदंड वधूवरांच्या बाजूस आला तो असा.

आणि हिंसा घराच्या बाजूस गेली. सोनई (नेवासें तालुका) येथें इ. स. २०१३ च्या आरंभीं तीन दलित तरुणांचा खून झाला. त्यांपैकीं एकाचे एका मराठा मुलीशीं संबंध असल्याचें कारण पुढें आलें. मुलीचे अगदीं जवळचे आप्त त्या खटल्यांत आरोपी होते, व २०१८ मध्यें नाशिकच्या सत्र न्यायालयानें सहा जणांस दोषी ठरविलें. धाराशिव जिल्ह्याच्या शिवेजवळचें खर्डें इतिहासाभ्यासकांस १७९५ च्या लढाईसाठीं ठाऊक आहे. त्याच खर्ड्यांत एप्रिल २०१४ मध्यें एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या मानलेल्या जातीच्या मुलीशीं बोलल्याच्या रागांतून तो मारला गेला असा खटला चालला, साक्षीदार उलटले, आणि २०१७ मध्यें आरोपी निर्दोष सुटले. बिज्जलाचा दंड भर राजधानींत सर्वांसमक्ष झाला, म्हणून तो स्मरणांत राहिला. आजच्या दंडास साक्षीदारहि मिळूं नये, हा फरक साधा नव्हे.

या हिंसेस लोक ज्या शब्दांनीं नांव देतात ते शब्दहि पाहावे. स्मृतीच्या त्या प्रकरणांत वर्ण आहे, दंड आहे, संकराचें भय आहे. परंतु कुटुंबाची अब्रू नाहीं. अब्रू हा शब्द फार्सी, मूळ अर्थ मुखाचें पाणी किंवा तेज. इभ्रत अरबी, मूळ अर्थ धडा, इतरांस बसलेला वचक. मराठींत तिचा अर्थ लौकिक असा झाला. इभ्रतीसाठीं माणूस मारणारास त्या शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक नसतो. परंतु तो जें करतो तें त्या मूळ अर्थाचेंच असतें. मुलीस शिक्षा करण्याहून गांवांतील दुसऱ्या मुलींस वचक बसविणें हाच त्याचा हेतु असतो. जातपंचायतींच्या बहिष्कारावर महाराष्ट्रानें २०१६ चा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०१८ मध्यें स्पष्ट सांगितलें कीं, दोन सज्ञान व्यक्तींनीं लग्नाचें ठरविल्यावर कुटुंबाची किंवा कुळाची संमति आवश्यक नाहीं. कायद्याचें काम बहुतेक झालें आहे. हरळय्या व मधुवय्या यांनीं जें केलें तें काम, म्हणजे बापानें बाप म्हणून उभें राहण्याचें, कायद्यास करतां येत नाहीं.

म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, कल्याणची कथा सांगतांना बिज्जलाच्या क्रौर्यावर जितका भर दिला जातो त्याहून अधिक त्या दोन घरांच्या संमतीवर द्यावा. शास्त्रास जी गोष्ट कल्पितां आली नव्हती ती त्यांनीं केली, अशी निदान आठ शतकांपूर्वीच्या समाजाची स्मृति आहे. ही हिंसा आमची जुनी रीत आहे, असें म्हणून तिचें समर्थन करणारांस एवढें उत्तर पुरें आहे कीं, जुन्या रीतींत बाप प्राण देऊन मुलीच्या लग्नापाठीं उभा राहिल्याचीहि गोष्ट आहे, व तिला लिंगायत घरांत अजून मान आहे.

६

शेवटीं संग्राहक वाचकांस एक विनंति. धाराशिव, लातूर, सोलापूर व बीड जिल्ह्यांत मराठी बोलणाऱ्या लिंगायत घराण्यांत व मठांत जुन्या पोथ्या आहेत. कपिलधारचे मन्मथस्वामी यांच्या परमरहस्याच्या प्रती त्यांत बहुतेक ठिकाणीं असतात. अशा दप्तरांत बसवपुराणाची मराठी किंवा मोडी लिपींतील एखादी प्रत, अथवा कल्याणच्या प्रसंगाची स्फुट कथा आढळल्यास तींत विवाहाचा उल्लेख आहे कीं केवळ नेत्रहरणाचा, दंड कोणकोणावर पडला, वधूचें नांव काय दिलें आहे, व पुष्पिकेंत शक कोणता आहे, इतक्या चार गोष्टी टिपून मंडळाकडे पाठवाव्या. विवाहाची कथा मराठी मुलखांत केव्हां पोंचली हें त्यावरून ठरवितां येईल.

दुसरें, देशमुखी-देशपांडेपणाच्या रुमालांत जातीबाहेरच्या संबंधाविषयींचे महजर, कतबे, गोताईचीं पत्रें निघतात. घराण्याची नामुष्की म्हणून असे कागद वेगळे काढले जातात, क्वचित् जाळलेहि जातात. ते जपावे. नांवें छापूं नयेत अशी घराण्याची इच्छा असेल तर तीं गाळून नक्कल द्यावी, परंतु मूळ कागद नष्ट करूं नये. ज्या मुलीमुलांस त्या कागदांत दंड झाला, त्यांची दुसरी नोंद कोठेंच नाहीं.